दात

शिंगी घोडीच्या छातीभोवतीची वजनाची फीत तिने दोनदा वाचली. एकदा शिंगीने श्वास आत घेतला असताना आणि एकदा सोडल्यावर. दोन्ही वेळा फीत तेच म्हणाली. साडेतीनशे किलो.

"पोचलीस बाई एकदाची," ती म्हणाली आणि शिंगीच्या मानेवर थाप मारली. शिंगीला थापा आवडत नसत. तिने कान मागे टाकले आणि तोंड दाण्याच्या घमेल्यात खुपसलं.

सहा महिने ती या वजनाची वाट बघत होती. पहिल्यांदा फीत लावली तेव्हा शिंगी तीनशेच्याही खाली होती आणि बरगड्या लांबून मोजता येत होत्या. तेव्हापासून तिचा चारा, तिचा दाणा, खुरातली माती, पाण्याच्या टाकीतलं शेवाळ, सगळं हिने जातीने बघितलं. फार्मवरची माणसं म्हणायची, कंपाउंडरच्या लेकीला शिंगीचा लळा लागलाय. लळा नव्हता असं नाही. पण फार्मवर जंताचं जे औषध पाजायचे ते पन्नास किलोला एक मिली असं मोजून द्यायचं असे, आणि शिंगीचा डोस तिला सात मिली व्हायला हवा होता. सहा नको, आठही नको.

तिचे वडील या फार्मवर एकतीस वर्षं कंपाउंडर होते. पदवी वगैरे काही नाही. डॉक्टर पंधरा दिवसांनी येऊन कागद लिहून जायचा, आणि कागदावरचं औषध जनावराच्या अंगात नीट पोचवायचं काम त्यांचं. थंडीच्या दिवसांत इंजेक्शनची बाटली ते आधी दहा मिनिटं काखेत धरून बसत. गार औषध टोचलं की गाठ येते, म्हणत. मेंढीला औषध पाजताना तिचं डोकं फार वर करू देत नसत, कारण डोकं वर केलं की औषध पोटाऐवजी छातीत जातं आणि बरी करायला घेतलेली मेंढी चौथ्या दिवशी पुरावी लागते. घोड्याशी ते आधी बोलत. काय बोलत ते कधी कुणाला ऐकू आलं नाही, पण घोडे ऐकून घेत.

आणि एक रीत त्यांनीच घालून दिली होती. ज्याच्या हातात कागद असेल त्याने डोस मोठ्याने सांगायचा. देणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. सांगणारा "हां" म्हणाला की मगच द्यायचा. नव्या माणसांना हे पोरकट वाटे. वडील त्यांना सांगत, "बाबांनो, जनावराला विचारता येत नाही, किती देताय म्हणून. त्याच्या वतीने आपण एकमेकांना विचारायचं."

मग जावईसाहेब आले. ते मालकीणबाईंच्या मुलीचे नवरे. लग्नानंतर तीन वर्षांनी चार दिवस फार्म बघायला म्हणून आले आणि बघतच राहिले. हळूहळू किल्ल्या त्यांच्याकडे गेल्या, मग डॉक्टरचा कागदही. माणूस दिसायला राजबिंडा, आवाज खणखणीत, आणि सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा स्वतःचा समज. बाईंच्या पांढऱ्या घोडीची, म्हणजे शिंगीच्या आईची, खुरं ठिसूळ झाली होती. त्यांनी कुठूनसं एक पावडरचं पोतं मागवलं, त्यातली पावडर बिस्किटांच्या डब्यात काढली, आणि डबा कंपाउंडरच्या हातात दिला. डब्यावर बिस्किटांचं चित्र होतं. बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

वडिलांनी घरी येऊन सांगितलं होतं ते तिला शब्दाला शब्द पाठ होतं.

"किती ग्रॅम द्यायची म्हणालात?"

"साठ."

"साठ?"

"हां, हां. किती वेळा विचारता?"

आणि ते निघूनही गेले होते.

पावडरमध्ये असा एक क्षार होता, जो चिमूटभर लागतो आणि मूठभर झाला की विष होतो. तिसऱ्या दिवशी घोडी गेली. जाताना तिला उभंही राहता येत नव्हतं, तरी ती उठायला बघत होती, आणि वडील तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरने पोत्यावरची अक्षरं वाचली आणि विचारलं, "सात ग्रॅमचा डोस आहे. दिली किती?"

"साठ," वडील म्हणाले. "सांगितली तेवढी."

"मी पोत्यावरचाच आकडा सांगितला होता," जावईसाहेब म्हणाले. "चांगलं स्पष्ट. आता म्हाताऱ्याच्या कानांना मी काय करू?"

झालं. एवढं पुरलं. एकतीस वर्षांच्या माणसाला बाईंनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. वाईट बोलल्या नाहीत. खाली बघून म्हणाल्या, "आता आराम करा. वय झालं की व्हायचंच." जावईसाहेबांनी त्याचा विनोद केला. साठी ओलांडलेल्या माणसाला सगळं साठच ऐकू येणार, असा. विनोद गावभर झाला. वडील केस कापायला गेले की कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणायचं, साठ आले, साठ. ज्या माणसाला जन्मभर कंपाउंडर म्हणून हाक मारली, त्याला आकड्याने बोलावू लागले.

तिने त्यांना शहरात नेऊन कान तपासून आणले. बंद खोलीत कानाला यंत्र लावून बसायचं आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. काचेतून तिला दिसत होतं. वडील डोळे मिटून बसले होते आणि बोट दर वेळी वर जात होतं, एखाद्या हुशार मुलासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान ठणठणीत आहेत. वडिलांनी तो कागद घडी घालून पेटीत ठेवला. ती म्हणाली, चला, दाखवू. ते म्हणाले, "कागद दाखवून घोडी उठणार आहे का?"

मग त्यांनी हाय खाल्ली. "मला साठच ऐकू आलं गं," ते आधी म्हणायचे. मग म्हणू लागले, "मला वाटतं साठ ऐकू आलं." शेवटी शेवटी म्हणायचे, "एवढे सगळे म्हणतात तर नसेलही." दारावर थाप पडली तरी आधी तिच्या तोंडाकडे बघायचे, खरंच पडली का म्हणून. घोडी गेल्यानंतर अकराव्या महिन्यात, पहाटे, कसलाही आवाज न करता ते गेले.

ती शहरात जनावरांच्या औषधांच्या दुकानात पंधरा वर्षं काम करत होती. वडील गेल्यावर महिन्याभरातच तिने ते सोडलं आणि फार्मवरची त्यांची रिकामी जागा मागितली. नवऱ्याने विचारलं, "तिथेच कशाला?" ती म्हणाली, जवळ पडतं. नवरा समजूतदार होता. त्याने पुन्हा विचारलं नाही.

बाईंनी तिला ठेवून घेतलं. का घेतलं हे तेव्हा तिला कळलं नाही. जावईसाहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "कान ठीक आहेत ना? नाही, घराण्यात असतं कधी कधी."

"ठीक आहेत," ती म्हणाली. "बारीकसारीक सगळं ऐकू येतं."

पहिले काही आठवडे तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते चांगलं नव्हतं. औषधांच्या खोलीची किल्ली तिच्याकडे होती. कपाटात काय आहे, त्यातलं किती कशाला पुरतं, हे तिच्याइतकं त्या फार्मवर कुणालाच कळत नव्हतं. जावईसाहेबांचा स्वतःचा काळा घोडा होता, त्यावर ते रोज रपेट मारायचे. तो घोडा तिच्या हातून गूळ खायचा. एकदा ती कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली. मग कपाट बंद केलं आणि हात धुतले. घोड्याचा काय दोष? आणि घोडा मेला असता तरी काय झालं असतं? ते म्हणाले असते, बघा, बापाची लेक. नाही. तिला त्यांचं जनावर नको होतं. तिला त्यांचं तोंड हवं होतं.

ते कसं, हे तिला नालबंदाने नकळत सांगितलं. नालबंद दर दीड महिन्याने घोड्यांची खुरं कापायला यायचा. पन्नाशीचा, बडबड्या, तोंडात खिळे धरूनही बोलायचा.

"जावईसाहेबांचे पुढचे चार दात बसवलेत, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "माझ्यासमोर लाथ बसली त्यांना. याच ठाणात. मी म्हटलं मागे उभे राहू नका, तर म्हणाले, मला शिकवू नकोस. तिने शिकवलं मग."

"कोणी?"

"पांढऱ्या घोडीने, दुसरी कोण? दात बसवून आले, तिकडे घोडीची खुरं बिघडली, आणि पुढचं तर... जाऊ दे. तुला काय सांगायचं?"

ती त्याचा खोका आवरत होती. तिचा हात थांबला.

"दात आधी बसवले? पावडर मागवायच्या आधी?"

"आठ-दहा दिवस आधी. नवे होते, धड बोलताही येत नव्हतं त्यांना. आम्ही मागे हसायचो. आता झाली सवय."

सवय त्यांना झाली नव्हती. सवय ऐकणाऱ्यांना झाली होती. त्या दिवसापासून तिने त्यांचं बोलणं ऐकायला घेतलं, म्हणजे खरोखर ऐकायला. त म्हणताना जीभ पुढच्या दातांना लागते. त्यांच्या दातांमागे कवळीची पट्टी होती, तिला अडून जीभ वर टाळूला लागायची. ते हात म्हणत तेव्हा हाट म्हणत. रात म्हणजे राट. दोन म्हणजे डोन. वाक्यात हे कळत नाही. आजूबाजूचे शब्द चुकलेल्या शब्दाला सांभाळून घेतात आणि ऐकणाऱ्याचा कान आपोआप दुरुस्ती करतो. हाट धुवा म्हटल्यावर कोणी बाजारात जाऊन काही धूत नाही. पण आकडा एकटा असतो. त्याला सांभाळणारं कोणी नसतं, आणि साट असा आकडाच नसल्यामुळे कान त्याचा साठ करून घेतो.

इथवर ती म्हणाली असती, बिचाऱ्याची जीभ. माणसाच्या जिभेवर काय सूड घ्यायचा? पण आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती आल्यावर तिचं मन दगड झालं.

जावईसाहेब सात हा आकडा उच्चारतच नसत.

मेंढ्या सांभाळणाऱ्या मावशीला ते म्हणायचे, पाच आणि दोन मेंढ्या वेगळ्या काढ. दूध काढायला सकाळी सहानंतर तासाने या, म्हणायचे. एकदा फोनवर कुणाला तरी "आठवड्याट जेवढे डिवस टेवढे" असं सांगत होते. सगळे आकडे बिनदिक्कत, फक्त त्या एका आकड्याला वळसा. ज्याला आपण काय केलं ते ठाऊक नाही तो कशाला वळसा घालील? त्यांना ठाऊक होतं. घोडी पडली त्या दिवशी नसेल, पण नंतर कधीतरी, आरशासमोर, एकट्याने म्हणून बघितलं असणार. आणि तिचे वडील दारावरची थाप खरी की खोटी म्हणून तिच्या तोंडाकडे बघत होते, तेव्हा हा माणूस आठवड्यातल्या दिवसांवरून मोजत होता.

तेव्हा तिने त्यांच्यावर दात धरला. तोवर नुसतं दुःख होतं.

वर्षातून दोनदा फार्मवर सगळ्या जनावरांना एकाच दिवशी जंताचं औषध पाजत. त्या दिवशी मालकीणबाई घोड्यांच्या पागेच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, सगळी माणसं हजर असायची, आणि जावईसाहेब डॉक्टरचा कागद घेऊन डोस सांगायचे. कागदावरची वजनं तिनेच मोजून डॉक्टरला दिली होती.

सकाळचं ऊन पागेच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. काळा घोडा झाला. त्याचा डोस नऊ. "नऊ." "नऊ." "हां." दोन खेचरं झाली. मग नालबंदाने शिंगीला बाहेर आणलं. ती अंगाने भरली होती, ऊन पडल्यावर चमकत होती.

"आईवर गेलीय," मालकीणबाई म्हणाल्या.

"शिंगी," जावईसाहेबांनी वाचलं, आणि थांबले.

"किती?" तिने विचारलं.

"पाच आणि डोन."

"पाच की दोन?"

"पाच अढिक डोन गं. बेरीज येटे ना? का टेही वडिलांवर गेलंय?"

दूध काढणारे दोघे हसले. तीही थोडं हसली.

"बेरीज येते साहेब. पण रीत एका आकड्याची आहे. आज बेरजा केल्या तर उद्या कुणी वजाबाकी करेल. एक आकडा सांगा."

"पोरगी बरोबर बोलतेय," मावशी मागून म्हणाली. तिच्या मेंढ्या उन्हात उभ्या होत्या आणि तिला घाई होती. "सांगा ना, जीभ झिजते का?"

"सांगून टाका हो जावईबापू," मालकीणबाई म्हणाल्या. "ऊन चढतंय."

त्यांनी कागदाकडे बघितलं, जणू आकडा तिथून आपण होऊन बोलेल. मग म्हणाले, "साठ."

"साठ," ती म्हणाली. मोठ्याने, स्वच्छ, पागेच्या मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं.

"हां, डे लवकर," ते म्हणाले आणि पुढची ओळ वाचू लागले.

त्या क्षणी तिला सगळं कळलं, ते त्या दिवशी कसं झालं असेल ते. समोरचा माणूस परत म्हणतो ते ऐकायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. फार्मवर बहिरा माणूस होता, खरंच होता. फक्त लोकांनी चुकीच्या माणसाला घरी पाठवलं.

तिने दहाची सिरिंज बाजूला ठेवली आणि साठची घेतली. बाटली उलटी केली, दांडा सावकाश ओढला. पांढरं औषध चढत गेलं, वीस, चाळीस, साठ. पाणी भरून नाटक करता आलं असतं, पण मग ते म्हणाले असते, बघा, नाटक. औषध खरं होतं. नालबंदाने सिरिंजकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि लगामावरची त्याची पकड घट्ट झाली.

घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या दातांमध्ये एक रिकामी जागा असते. तिने डाव्या हाताने शिंगीचा ओठ बाजूला केला आणि त्या जागेतून सिरिंजचं टोक आत सरकवलं. अंगठा दांड्यावर होता. त्या अंगठ्याला त्या वेळी काय वाटत होतं ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही.

जावईसाहेबांनी मान वर केली.

"ए! ठांब! ठांब! एवढं कशाला घेटलं?"

"साठ म्हणालात."

"साठ नाही, साठ!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"साठच घेतलंय साहेब. बघा, रेघेला रेघ."

"अगं साठ! साठ म्हणटोय मी, साठ! कान फुटले का टुझे?"

ते जितकं ओरडत होते तितका तो आकडा पक्का होत होता. खणखणीत आवाज, पागेत घुमत होता, साठ, साठ. दूध काढणाऱ्यांतल्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं. मावशीने तोंडावर पदर धरला, पण ती हसत नव्हती. जावईसाहेबांनाही ते ऐकू आलं असावं, बहुतेक पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या कानांनी. त्यांचा आवाज मध्येच तुटला. कागद काखेत दाबून त्यांनी दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन.

तिने सिरिंज शिंगीच्या तोंडातून बाहेर काढली.

"हां," ती म्हणाली. "सात. आता कळलं. हे तेव्हाच दाखवलं असतंत तर माझ्या वडिलांनाही कळलं असतं. डोळे चांगले होते त्यांचे. कानही."

"मुड्डाम केलं हिने!" ते सगळ्यांकडे वळले. "समजटंय ना टुम्हाला? डाट धरून आहे ही माझ्यावर!"

"आहे ना," ती म्हणाली. "दात आहेच. माझा निदान खरा आहे."

या वेळी हसू कुणाला आवरलं नाही. नालबंदाच्या तोंडातून तर खिळाच पडला. जावईसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातलं रक्त कुठेतरी निघून गेलं. त्यांनी ओठ मिटून घेतले, अगदी घट्ट. तिने ते डोळे भरून बघितलं. पावणेदोन वर्षांपूर्वी या माणसाच्या एका वाक्यावर गाव असंच हसलं होतं. तिला बरं वाटलं. बरं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.

मग ती मालकीणबाईंकडे वळली.

"बाई, तुम्ही इथेच बसला होतात. तुम्हाला काय ऐकू आलं?"

"आई, सांगा हिला," जावईसाहेब म्हणाले. इतका वेळ हुकूम देणारा आवाज आता लहान झाला होता. "टुम्हीच सांगा आटा."

बाईंनी खुर्चीच्या हातावर हात फिरवला. त्यांचं वय कंपाउंडरएवढंच होतं.

"साठ," त्या म्हणाल्या.

हे तिला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं.

"तेव्हाही," बाई म्हणाल्या. "तेव्हाही मला साठच ऐकू आलं होतं. मी आतच होते, घोडीच्या पलीकडे, तिला खरारा करत. कंपाउंडरने परत विचारलं तेही ऐकलं. हे हां म्हणाले, तेही."

शिंगी रिकामं तोंड चघळत होती.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? लेक समोर उभी होती, पोटुशी. म्हटलं, तिच्या नवऱ्याला सगळ्यांसमोर खोटं पाडू की एका कामाच्या माणसाला घरी पाठवू? कंपाउंडर भला माणूस, सोसेल, म्हटलं." बाईंनी वर बघितलं. "तू जागा मागायला आलीस तेव्हा मला वाटलं, निदान एवढं तरी. मी आता सगळ्यांसमोर सांगते, त्याची चूक नव्हती. ऐकलंत ना सगळ्यांनी? कंपाउंडरची चूक नव्हती. आणि तुझी मी माफी मागते, बाई. हात जोडते."

बाईंनी खरंच हात जोडले. इतका मोठा सूड तिने योजलाही नव्हता. एका माणसाला खाली बघायला लावायचं म्हणून आली होती, आता दोघं खाली बघत होती. ज्या शब्दांसाठी तिने सहा महिने शिंगीला दाणा घातला होता, ते शब्द दहा माणसांच्या कानांवर पडले होते, संध्याकाळपर्यंत गावात पोचणार होते. तिने वाट बघितली, छातीतलं काही हलकं होतं का. थोडं झालं. पुरेसं नाही.

"माझी नका मागू," ती शांतपणे म्हणाली. "ज्यांची मागायला हवी होती त्यांना आता खरंच ऐकू येत नाही."

तिने मोठी सिरिंज बाटलीत रिकामी केली, दहाची उचलली, सात मिली भरलं, उजेडात धरून बुडबुडा काढला. मग शिंगीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. शिंगीने औषध गिळलं आणि मान झटकली.

बाई जावयाकडे न बघता म्हणाल्या, "कागद हिच्या हातात द्या. इथून पुढे डोस हीच वाचेल, हीच देईल. तुम्ही घरात जा."

जावईसाहेबांनी लगेच कागद पुढे केला. त्यांना तिथून जायचं होतं. ते तिला दिसत होतं, आणि म्हणूनच तिने हात मागे घेतला.

"नको बाई. रीत आहे. एकाने सांगायचं, दुसऱ्याने द्यायचं. साहेबांनाच सांगू द्या. आकडा बोलू नका साहेब, तेवढं करा. बोटांनी दाखवा, मी म्हणेन."

"अगं पण..." बाई म्हणाल्या.

"मावशी," तिने हाक मारली, "आणा तुमच्या मेंढ्या."

त्रेचाळीस मेंढ्या होत्या. मावशीने एकेक पुढे ढकलायला सुरुवात केली. मेंढ्यांचं औषध वेगळं, पातळ. डोस नऊ मिली. नऊ दाखवायला दोन्ही हात लागतात, म्हणून जावईसाहेबांना कागद ओठांत धरावा लागला. पाच बोटं आणि चार बोटं. "नऊ," ती म्हणाली आणि थांबली. त्यांनी कागदासकट मान हलवली. मग तिने मेंढीचा जबडा धरला, डोकं फार वर न करता, आणि औषध पाजलं. मावशीने दुसरी मेंढी पुढे केली.

कळपातल्या सगळ्या मेंढ्यांचा डोस एकच होता. हे तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ती प्रत्येक मेंढीपाशी थांबली, आणि बोटं वर होईपर्यंत त्यांच्या हातांकडे बघत राहिली.